ब्याण्णव ग्रॅम

१

मानवजातीची सगळी प्रगती अचूक शब्दावर उभी आहे. शब्द सैल झाला की पूल कोसळतात, औषधांचं विष होतं आणि राष्ट्रं रसातळाला जातात. हे वाक्य बुडापेस्टमधल्या एका तांत्रिक भाषांतर कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, दाराशेजारी चौकट करून लावलेलं होतं. त्याखाली कचेरीची वेळ होती: सकाळी आठ ते चारच्या सुमारास.

वाक्य हादहाझी देझ्यो यांचं होतं. वेळ संचालकांची.

देझ्योकाका एकतीस वर्षं एकाच शब्दकोशाच्या मागे होते. इंग्रज माणूस 'अबाउट' म्हणतो, 'निअरली' म्हणतो, 'मोअर ऑर लेस' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात नक्की किती असतं आणि ते हंगेरियनमध्ये काय म्हणून सांगावं, याचा तो शब्दकोश. सुरुवात एका बॉयलरने झाली. इंग्रजी पुस्तिकेत लिहिलं होतं, झाकण 'अबाउट' तीन वेढे आवळावं. तरुण देझ्योंनी 'तीन वेढे' एवढंच उतरवलं आणि कारखान्यातल्या कर्तव्यदक्ष मंडळींनी मोजून तीन वेढे आवळले. ते झाकण अजून उघडलेलं नाही.

तेव्हापासून सहाशे चाळीस खाकी पाकिटं जमली होती. पाकिटावर इंग्रजी शब्द, आत जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड. कार्डाच्या एका बाजूला हंगेरियन प्रतिशब्द आणि दुसऱ्या बाजूला 'पुरावा'. इंग्रजांचा आकडा यंत्रांच्या पुस्तिकांत सापडे. हंगेरियन माणसाचा आकडा मात्र हंगेरियन माणसाकडूनच घ्यावा लागे, आणि तो कचेरीत आयता उपलब्ध होता. कोण 'आत्ता आलो' म्हणालं आणि किती मिनिटांनी आलं, हे देझ्योकाका घड्याळ लावून टिपून ठेवत. शेजारी पूर्ण नाव. नुसती आद्याक्षरं त्यांना संदिग्ध वाटत.

सहा जानेवारीला सकाळी आठ वाजता शिपोश एतेल्का कोट काढत होत्या, तेव्हा देझ्योकाका टपालखात्याच्या जुन्या तराजूसमोर उभे होते. दर शुक्रवारी ते शब्दकोश ड्रॉवर-ड्रॉवर करून तोलत. नाताळच्या सुट्ट्यांत हे राहून गेलं होतं.

"ब्याण्णव ग्रॅम कमी आहेत," ते म्हणाले.

"तुमचे?"

"माझे असते तर डॉक्टर खूश झाले असते. शब्दकोशाचे."

कार्डाचं वजन चार ग्रॅम. दोघांनी ड्रॉवर वाटून घेऊन पाकिटं तपासली. सगळी जागच्या जागी होती, प्रत्येकाची जीभ नीट आत खोचलेली. तेवीस पाकिटं रिकामी निघाली.

एतेल्कांनी खुर्ची ओढली. छप्पन्न वर्षांची विधवा बाई, कचेरीतली भाषांतर तपासनीस. हातून स्वल्पविराम सुटत नसे. पण प्रकाशनगृहाचं पत्र त्यांनाही पाठ होतं. संपूर्ण संच सहा जानेवारीला दुपारी बारापर्यंत हाती आला नाही, तर राखून ठेवलेला कागद घरगुती ससेपालनाच्या पुस्तकाला मिळणार होता.

"पुन्हा लिहून काढू. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"माणसं माझ्या डोक्यात आहेत, एतेल्का. शब्द कार्डांवर होते." देझ्योकाकांनी जाकिटाच्या खिशावर हात ठेवला आणि काढून घेतला. "तुम्ही शोधा."

"मी का?"

"एकोणीस वर्षं माझ्या चुका शोधताय. सवय आहे."

ते सदुसष्ट वर्षांचे होते. सगळी कचेरी त्यांना देझ्योकाका म्हणे. एतेल्का तेवढ्या नुसतं देझ्यो म्हणत, आणि वर अहो-जाहो करत. एकतीस वर्षं सशांच्या घशात जाणार, हा विचार त्यांना बसू देईना.

२

बाहेरचं कोणी आलं नव्हतं. ड्रॉवरची किल्ली कॅलेंडरच्या खिळ्याला लटकत असे आणि ते कचेरीतल्या पाचही जणांना माहीत होतं.

वीस डिसेंबरपर्यंत वजन बरोबर भरत होतं. त्याच संध्याकाळी कचेरीत नाताळचं झाड उभं केलं होतं. संचालक त्याला 'हिवाळी शोभेचं झाड' म्हणत, कारण वरिष्ठांना तसं आवडे. झाडाखाली उभं राहून, हातात जर्दाळूच्या दारूचा पेला घेऊन, देझ्योकाकांनी जाहीर केलं होतं की शब्दकोशात पुरावेही छापले जाणार. जसेच्या तसे, नावांसकट. टाळ्या झाल्या होत्या. जरा लवकर थांबल्या होत्या, हे एतेल्कांना आत्ता आठवलं.

चौकशीत पहिला बाकोन्यी लोरांत. यंत्रांच्या पुस्तिका भाषांतरित करणारा, चाळिशीतला, केस चोपून बसवलेला. दारातूनच रिवाजाप्रमाणे म्हणाला, "हात चुंबतो, एतेल्काबाई. आत्ता आलो." मग एकोणीस मिनिटांनी आला.

"कार्डं? मला त्या ड्रॉवरचा रंगसुद्धा सांगता येणार नाही."

"तुझ्या टेबलाला चिकटून आहे तो."

"म्हणून तर. जवळचं कधी दिसत नाही माणसाला. पण मी सांगतो, चोर बाईमाणूस आहे. पाकिटाची जीभ परत इतकी नीट कोण खोचून ठेवतं?"

जिभेबद्दल एतेल्का कोणाकडे बोलल्या नव्हत्या. त्यांनी वहीत टिपलं.

टंकलेखिका पिरोश्का खसखस भरलेल्या केकच्या गुंडाळीचा शेवटचा तुकडा बशीत घेऊन बसली होती. नाताळचं उरलेलं संपवायला ती दरवर्षी मदत करी.

"मावशी, मी पथ्यावर आहे. बोटभरच घेतलाय."

एतेल्कांनी बशीकडे पाहिलं. बोट आडवं धरायचं की उभं, हा प्रश्न होता. उभं धरलं तरी पुरलं नसतं.

"कार्डांबद्दल काय माहीत आहे?"

"मी फक्त टाइप करते. वाचत नाही. वाचलं तर वेग कमी होतो."

"देझ्यो तुझ्याबद्दल काही लिहितात, हे माहीत होतं?"

"बोटाबद्दल ना?" म्हणून पिरोश्काने बशी ड्रॉवरमध्ये सरकवली. "मला कसं माहीत असणार?"

तिसरे, संचालक केलेमेन वेंडेल. त्यांच्या टेबलावर वार्षिक योजनेची फाइल होती, आणि ती वर्षभर त्याच पानावर उघडी होती.

"कॉम्रेड शिपोश, चौकशी जवळजवळ पूर्ण झाली असं मी वर कळवतो."

"मी आत्ताच सुरू केलीय."

"तेच म्हणतोय मी."

परत आल्यावर एतेल्कांनी तेवीस रिकामी पाकिटं टेबलावर मांडली आणि शब्द वाचले. 'लगेच', 'एका मिनिटात', 'वाटेतच आहे' या अर्थाचे इंग्रजी शब्द एका बाजूला गेले. 'बोटभर', 'चिमूटभर', 'नावाला' दुसऱ्या बाजूला. 'बहुतांशी', 'तत्त्वतः पूर्ण' तिसऱ्या. काही शब्द कुठल्या ढिगात टाकावेत ते कळेना, कारण ते तिघांनाही शोभत होते. आणि एक पाकीट असं होतं, की ते कोणालाच शोभेना.

त्यावर लिहिलं होतं: 'एक्झॅक्टली'. या कचेरीत तो शब्द लपवावा लागेल असं वागताना एतेल्कांनी कोणाला पाहिलं नव्हतं.

३

कॉफीची वेळ झाली. स्वयंपाकघरातली विजेची शेगडी मंद होती. भांड्यात कॉफी वर यायला लागली, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर दहाच्या बातम्या संपत आल्या होत्या.

एतेल्कांनी पेला देझ्योकाकांसमोर ठेवला. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं.

"दहा," ते समाधानाने म्हणाले.

त्यांचं घड्याळ रेडिओच्या चार मिनिटं मागे होतं, कित्येक वर्षं. कोणी बोललंच तर ते म्हणत, रेडिओला घाई असते.

"काही लागलं हाती?"

"तिघंही खोटं बोलतायत. पण तिघंही चोरासारखी वाटत नाहीत."

"हे अचूक नाही."

"माहीत आहे मला. कॉफी प्या."

झाड अजून कोपऱ्यात उभं होतं. सहा जानेवारीला ते उतरवायचं असतं आणि दरवर्षी हे काम एतेल्कांकडेच येई. हाताला काम मिळालं की डोकं चालतं, म्हणून त्यांनी खोका ओढला. त्यांनीच वीस डिसेंबरला या फांद्यांना चाळीस साखरवड्या बांधल्या होत्या. चंदेरी कागदात गुंडाळलेल्या, दोन्ही टोकांना झिरमिळ्या. चाळीसच्या चाळीस लोंबत होत्या.

पहिली त्यांनी चिमटीत धरली आणि कागद चपटा झाला.

आत काही नव्हतं. दुसरीही पोकळ. तिसरीत पावाचा गोळा भरलेला होता, म्हणजे कोणीतरी मेहनत घेतली होती. एतेल्का एकेक करून चाळीस वड्या दाबत गेल्या. एकही खरी निघाली नाही.

त्या जमिनीवरच बसल्या आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसल्या. त्यांच्या माहेरी सहा माणसं मिळून एक झाड आठवड्याभरात पोकळ करत. वडी अलगद काढायची, कागद पुन्हा फुगवून पिळायचा, जणू काही झालंच नाही. आणि मग सहाही जण शपथेवर सांगत, मी एकच खाल्ली. वडील तर पावाचे गोळे वळत. या देशात असं होत नाही असं एकही घर नसेल.

झाड कोणी एकट्याने खाल्लेलं नसतं. जो तो म्हणतो, एका वडीने काय होतंय.

एतेल्का उठल्या, झगा झटकला आणि तीन पोकळ कागद खिशात घातले. चोर कोण, हा प्रश्नच चुकला होता. विचारायचं होतं ते दुसरंच.

४

लोरांतच्या टेबलावर त्यांनी चंदेरी कागद ठेवला आणि बोटाने दाबला. कुरकुर आवाज झाला.

"किती घेतलीस?"

"वड्या?"

"कार्डं."

लोरांतने केसांवरून हात फिरवला. "दोन-तीन."

"का?"

"एतेल्काबाई, मी बायकोला फोन करून 'आत्ता निघतो' म्हणतो, ते काका ऐकत असतात. मग पोचल्यावर बायकोच काकांना सांगते, किती वाजता पोचलो. दोघांनी मिळून लिहिलंय ते कार्ड. तीन तास दहा मिनिटं. छापून आलं तर ती पुस्तक विकत घेईल, भेट म्हणून वाटेल."

"फाडून का नाही टाकलीस?"

तो दुखावल्यासारखा दिसला. "काकांचं अक्षर आहे ते. फाडीन कसा?"

पिरोश्काने कागद पाहिला आणि डोळ्यांत पाणी आणलं. "एखादंच घेतलं, मावशी. सासूबाई येऊ घातल्यात, अजून व्हायच्या आहेत त्या. त्यांना मी सांगितलंय की मला गोड आवडत नाही. कार्डावर अकरा सेंटिमीटर लिहिलंय."

संचालकांनी दार लावून घेतलं.

"जवळजवळ एकही नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "कॉम्रेड शिपोश, 'योजना जवळजवळ पूर्ण' याच्यापुढे हादहाझींनी एकसष्ट टक्के असं लिहिलंय. माझ्या नावासकट. हे मंत्रालयात गेलं तर माझी बदली खाणीत होईल, आणि तिथे ससेसुद्धा नसतात."

"नावं काढून टाकली तर?"

"तर मीच कार्डं पोचवायला येतो."

बाकी दोघांनीही तेच कबूल केलं. मग त्यांनी आपापली चोरी आणून एतेल्कांच्या टेबलावर ठेवली. लोरांतने तीन कार्डं, पिरोश्काने एक. संचालकांनी काहीच ठेवलं नाही. त्यांच्या मते त्यांनी जवळजवळ एकही घेतलं नव्हतं.

चार कार्डं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि एकोणीस कार्डं अजून बेपत्ता होती.

कोणी खोटं बोलत नव्हतं, हीच तर अडचण होती. प्रत्येक जण आपल्या भाषेत खरं बोलत होता. एतेल्का तपासनीस होत्या. मजकूर अडला की त्या जे करत तेच त्यांनी केलं. शब्दकोशाकडे गेल्या.

५

"देझ्यो, लोरांतचे 'दोन-तीन' म्हणजे किती?"

देझ्योकाकांना डोळे मिटावे लागले नाहीत. "सात. चौदा वर्षांची सरासरी."

"पिरोश्काचं 'एखादंच'?"

"खाण्याचं की न खाण्याचं?"

"न खाण्याचं."

"नऊ. खाण्याचं बारा."

"संचालकांचं 'जवळजवळ एकही नाही'?"

"त्याचे दोन प्रकार आहेत. वरिष्ठांसमोर की कनिष्ठांसमोर?"

"माझ्यासमोर."

"मग सहा."

एतेल्का परत गेल्या. लोरांतकडे सात मागितली, पिरोश्काकडे नऊ, संचालकांकडे सहा. तिघांनीही काढून दिली. लोरांतची उरलेली चार त्याच्या टेबलावरच्या छापील शब्दकोशाच्या वेष्टनात होती, पिरोश्काची आठ बशीखाली, संचालकांची वार्षिक योजनेत, जिथे ती कोणाला कधीच सापडली नसती. आकडे तंतोतंत जुळले. पिरोश्का म्हणाली, "मावशी, मला खरंच एखादंच वाटत होतं हो."

"तुझं एखादंच खरं आहे," एतेल्का म्हणाल्या. "फक्त ते नऊ असतं."

बाराला पंचवीस मिनिटं असताना त्या देझ्योकाकांसमोर बसल्या. आधी नावांचा विषय काढला. प्रत्येक नावाच्या जागी 'एक सहकारी' लिहायचं.

"ते अचूक होणार नाही."

"खोटंही होणार नाही. आणि लोरांतचं लग्न टिकेल."

देझ्योकाकांनी कार्डं हातात घेऊन चाळली. त्यांच्यावर खसखस होती, पण एकही दुमडलेलं नव्हतं.

"सांभाळून ठेवली होती," ते म्हणाले. "बरं. एक सहकारी."

"आता हिशोब बघा. सात आणि नऊ सोळा, आणि सहा बावीस. रिकामी पाकिटं तेवीस."

"म्हणजे कोणाची तरी सरासरी चुकली."

"तुमची सरासरी चुकत नाही. कार्डं मोजून घेतलीत मी. बावीस जणांनी—माफ करा, तिघांनी बावीस घेतली. ड्रॉवरची किल्ली माहीत असलेले आपण पाच. मी घेतलं नाही." त्यांनी शेवटचं पाकीट पुढे सरकवलं. 'एक्झॅक्टली'. "सकाळी तुम्ही बावीस सांगू शकला असता, देझ्यो. मला कळलं नसतं."

"पण तेवीस रिकामी होती," देझ्योकाका म्हणाले. चुकीचा आकडा सांगायचा, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवलीच नव्हती.

मग त्यांनी जाकिटाच्या खिशातून घड्याळ काढलं, आणि त्याच्यामागून चार ग्रॅमचं कार्ड.

एतेल्कांनी चष्मा लावला. प्रतिशब्दांची बाजू भरगच्च होती: केसाइतकं अचूक, सुईच्या टोकाइतकं, औषधाच्या तराजूवर तोललेलं. उलट बाजूला पुरावा एकच होता, आणि खाली पानभर नुसत्या तारखा. 'दहाची कॉफी. शिपोश एतेल्का. एकोणीस वर्षं. अपवाद नाही.'

वाचायला त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

"माझं नाव छापायचं नव्हतं, म्हणून काढलंत?"

"नाव छापायला आवडलं असतं. पण हे कार्ड खोटं आहे."

"खोटं?"

"सात वर्षांपूर्वी ती नवी शेगडी आली. तेव्हापासून कॉफी दहा वाजून चार मिनिटांनी येते." ते घड्याळाकडे बघत होते. "एकतीस वर्षांत एकाच माणसाचा शब्द नेमका निघाला होता. तो शेगडीपायी जावा, हे मला पटेना. म्हणून मी घड्याळ चार मिनिटं मागे घेतलं."

सात वर्षं हा माणूस चार मिनिटं उशिरा जेवत होता, उशिरा ट्राम पकडत होता, आणि रेडिओशी भांडत होता.

"छापायला पाठवताना लक्षात आलं की सहाशे चाळीसांत हे एकच कार्ड बनावट आहे," देझ्योकाका म्हणाले. "काढलं, पण टाकवेना."

रेडिओवर दुपारच्या घंटा सुरू झाल्या. बारा. जिन्यात पावलं वाजली, आणि लोरांत 'आत्ता उघडतो' म्हणाला आणि जागचा हलला नाही.

"आपल्याकडे अजून चार मिनिटं आहेत," देझ्योकाका म्हणाले.

तेवढ्यात एतेल्कांनी बावीस कार्डांवरची नावं खोडून 'एक सहकारी' लिहून टाकलं. उरलेली मुद्रितांत काढू म्हणाल्या. बावीस पाकिटांच्या जिभा खोचल्या, तेविसाव्याचीही खोचली, आणि ते कार्ड आपल्या पर्समध्ये ठेवून पर्स बंद केली.

"ते खोटं आहे, एतेल्का."

"मला कळलंय ते. उद्या कॉफी दहाला."

"रेडिओच्या?"

"तुमच्या."

प्रकाशनगृहाच्या माणसाने ड्रॉवर मोजले, पाकिटं मोजली, पाकिटांत डोकावून पाहिलं नाही आणि पावती दिली.

शब्दकोश त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघाला. मुखपृष्ठावर 'नेमक्या सहाशे चाळीस नोंदी' असं छापलेलं आहे. आत सहाशे एकोणचाळीस आहेत.